विस्मरण सुरू झालेल्या माणसाच्या तोंडाकडे लक्ष आहे का? (दात, हिरड्या आणि उतारवयातला मेंदू)

रानजाई
व्हॉट्सॅपवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. हिरड्यांतले जंतू मेंदूत शिरतात, त्यातून अल्झायमर होतो, तेव्हा अमुक चूर्णाने दात घासा म्हणजे स्मरणशक्ती शाबूत राहील. माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया (विस्मरणाचा आजार, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) आहे हे नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत, त्यामुळे तो मला चारी बाजूंनी आला. चूर्णाचं सोडून देऊ, पण जंतूंची गोष्ट कुठून आली हे शोधायला बसले आणि बरंच काही हाती लागलं.

मूळ प्रकरण जानेवारी २०१९ मधलं. ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अल्झायमर होऊन वारलेल्या माणसांच्या मेंदूचे नमुने तपासले, तेव्हा त्यात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस या जंतूची विकरं (एन्झाइम्स) सापडली. आपण ज्याला पायरिया म्हणतो, त्यातला हा एक मुख्य जंतू. उंदरांच्या तोंडात तो सोडला तर त्यांच्या मेंदूपर्यंत पोचला आणि तिथे अमायलॉइड वाढलं, म्हणजे अल्झायमरमध्ये साचतं तेच प्रथिन. फॉरवर्ड इथेच थांबतो. विस्मरण नसलेल्या काही माणसांच्या मेंदूतही हीच विकरं कमी प्रमाणात मिळाली होती, हे त्यात नसतं. आणि या संशोधनामागे असलेल्या कंपनीने त्या विकरांना अडवणारं औषध काढून ६४३ रुग्णांवर चाचणी घेतली, हेही नसतं. २०२१ मध्ये निकाल लागला. औषध घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे, या दोन्ही गटांच्या एकूण स्मरणशक्तीत आणि रोजची कामं करण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. औषधाने यकृतावर परिणाम दिसले ते वेगळंच.

मग दातांचा आणि मेंदूचा संबंध नाही का? आहे. मी तो रोज घरात बघते, फक्त उलट्या बाजूने. विस्मरण आलं की तोंडाची आबाळ सुरू होते, आणि ती घरातल्या कुणाला दिसत नाही. “दात घासले का?” विचारलं की “हो” येतं. ब्रशही ओला असतो. नळाखाली धरून परत ठेवलेला.

सासूबाईंना वरची कवळी आहे, खाली मोजके दात. एका संध्याकाळी कवळी काढून गालात बोट फिरवलं तर सकाळच्या पोह्यांचा लगदा गालाच्या खोबणीत तसाच, शेंगदाण्याच्या तुकड्यांसकट. खालच्या एका दाताच्या मुळाशी हिरडी सुजून लालबुंद. त्या काळात त्या ताट सरकवायच्या, उजव्या गालाला हात लावू द्यायच्या नाहीत, आणि हे सगळं आजाराचंच लक्षण धरून भूक लागायचं औषध सुरू झालेलं होतं. तो दात काढला. जखम भरल्यावर दुधात कुस्करलेली भाकरी त्या स्वतःच्या हाताने खायला लागल्या. स्मरणशक्ती परत आली नाही, येणारही नव्हती. पण दुखत होतं ते थांबलं.

म्हणून कळकळीने सांगते. घरात कुणाला विस्मरणाचं निदान झालं की त्याच महिन्यात दातांच्या डॉक्टरकडे न्या. त्या वेळी माणूस खुर्चीत बसतो, आ करा म्हटलं की करतो, कुठे ठणकतंय ते सांगतो. पुढे यातलं काही धड होत नाही. निदानाच्या वेळच्या तपासण्यांत एमआरआय असतो, बी-१२ असतं, थायरॉईड असतं. दातांचं कुणी लिहून देत नाही.

भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. एवढ्या घरांत कुणीतरी रोज हे करत असणार. तुम्ही कसं करता ते लिहा.

आकडेमोड
रानजाई, उलट्या दिशेचा मुद्दा मांडलात हे फार बरं केलंत. संशोधनातही हीच मोठी अडचण आहे.

या विषयावरचे बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे असतात. लोकांचे दात मोजायचे, पुढे काही वर्षं कुणाला विस्मरण होतं ते बघायचं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये असे १४ अभ्यास एकत्र केले, एकूण ३४,०७४ माणसं. ज्यांचे दात जास्त पडले होते त्यांच्यात बौद्धिक क्षमता घटण्याची शक्यता १.४८ पट आणि डिमेन्शियाची १.२८ पट निघाली. वाचून दचकायला होतं, पण दात का पडतात ते बघा. तंबाखू, मधुमेह, गरिबी, कमी शिक्षण, डॉक्टर परवडत नाही. याच गोष्टी मेंदूलाही मारक आहेत. शिवाय डिमेन्शिया निदानाच्या कितीतरी वर्षं आधी हळूहळू सुरू झालेला असतो. त्या काळात माणूस दात घासणं टाळतो, दवाखान्याची तारीख विसरतो, आणि मग आपल्याला वाटतं की आधी दात गेले आणि नंतर बुद्धी गेली.

राहणीमानाचा गोंधळ बराचसा टाळणारा एक अभ्यास मला आवडतो. अमेरिकेत मिलवॉकीच्या बाजूच्या ख्रिस्ती जोगिणींचा (नन्सचा), २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. १४४ जणी, पंचाहत्तरीच्या पुढच्या. एकाच संघातल्या, मठातलं सारखं आयुष्य जगलेल्या, आणि दातांच्या जुन्या नोंदी जपून ठेवलेल्या. त्यांच्यातही ज्यांचे दात सगळ्यात कमी उरले होते त्यांना डिमेन्शियाचा धोका जास्त दिसला. तरी संख्या लहान आहे आणि लहानपणाचं पोषण प्रत्येकीचं वेगळं असणार.

‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. बहिरेपण, दृष्टी अधू होणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा वगैरे. या यादीत दात नाहीत. ज्यांना खात्रीचं काही करायचंय त्यांनी आधी आईवडिलांचे कान तपासून घ्यावेत, साखर ताब्यात ठेवावी. दातांची काळजी घ्यायला मेंदूचं कारण लागतच नाही, चावता येणं आणि न ठणकणं एवढं कारण पुरेसं आहे.

दाढदुखी
मी दातांची डॉक्टर आहे, नाशिकला प्रॅक्टिस. आकडेमोड यांचं म्हणणं पटतं, तरी थोडी भर घालते. संबंध सिद्ध नाही हे खरं, पण असू शकेल असं आम्हाला का वाटतं तेही वाचकांना कळायला हवं.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते, निरोगी तोंडात दोन-तीन मिलिमीटर खोल. तिथे किटण साचलं की हिरडी सुजते, खाच खोल होत जाते, आतलं हाड झिजतं. हे दुखत नाही, म्हणून लोक येत नाहीत. ब्रशला रक्त लागलं तर ब्रश कडक आहे म्हणतात. सगळ्या दातांभोवतीची ही सूज वर्षानुवर्षं राहते, तिथून दाह वाढवणारी रसायनं आणि कधी जंतूही रक्तात उतरतात. मधुमेहावर याचा परिणाम होतो हे चांगलं माहीत आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. मेंदूच्या बाबतीत तसंच काही होतं का, हा प्रश्न अजून उघडा आहे.

दुसरी वाट चावण्याची. दाढा गेल्या की माणूस काकडी, गाजर, पेरू, शेंगदाणे, पालेभाजीचे देठ सोडतो आणि मऊ भात, चहा-बिस्कीट, शिरा यांवर येतो. चार लोकांत जेवायला लाजतो, मग लग्नाकार्याला जाणंच टाळतो. आहार आणि माणसांतला वावर दोन्ही आटतात. यासाठी कुठला जंतू मेंदूत शिरावा लागत नाही.

न्यूयॉर्कच्या त्याच अभ्यासातला एक आकडा मला मोलाचा वाटतो. दात पडलेल्यांपैकी कवळी न वापरणाऱ्या २३.८ टक्के लोकांत बौद्धिक घट दिसली, कवळी वापरणाऱ्यांत १६.९ टक्के. यानेही काही सिद्ध होत नाही. पण “आता या वयात कशाला कवळीचा खर्च” असं मुलं माझ्यासमोर म्हणतात, आणि आजोबा खाली बघत बसतात, तेव्हा मी हा आकडा सांगते.

माणदेशी
आमच्या भागातली गोष्ट. आई आयुष्यभर मिश्री लावत आली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी चुलीपुढं बसून बोटानं हिरड्यांवर चोळायची, दुपारी परत, रात्री परत. गावातल्या निम्म्या बायकांचं हेच. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर सरकारनं १९९२ सालीच बंदी आणलीय, पण घरातल्या तव्यावर बंदी कोण आणणार?

आता आईला सत्तरी उलटली. नातवंडांची नावं चुकतात, मीठ दोनदा पडतं. पण मिश्रीची डबी कुठं ठेवलीय ते बरोबर ध्यानात राहतं. हिरड्या पार उतरल्यात, चार-पाच दात हलतात, तोंडाला वास येतो. तालुक्याच्या दवाखान्यात म्हणाले सगळे काढून टाका. धाकटा भाऊ म्हणतो एकही काढायचा नाही, दात काढले की नजर जाते. डॉक्टरताई, तुम्हीच सांगा काय करावं.

दाढदुखी
माणदेशी, दात काढल्याने नजर जात नाही, भावाला निर्धास्त सांगा.

राहिला प्रश्न काढायचे की ठेवायचे. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये १७२ लोकांचे एमआरआय चार वर्षांच्या अंतराने दोनदा काढून मेंदूतल्या हिपोकॅम्पस या भागाचा आकार मोजला. स्मरणशक्तीचं बरंच काम तिथे चालतं. हिरड्यांचा आजार सौम्य होता त्यांच्यात दात जितके कमी तितका हा भाग जलद आकसला. आजार तीव्र होता त्यांच्यात मात्र उलट, दात जितके जास्त तितकं आकसणं जलद. अभ्यास छोटा आहे, त्यावर कुणी शस्त्रक्रिया ठरवू नये, पण आम्ही रोज जे बघतो त्याच्याशी जुळतो. वाचण्यासारखा दात वाचवावा. पू धरलेला, हलणारा, हाड सोडलेला दात अट्टहासाने तोंडात ठेवू नये.

आईचा एक्सरे काढून एकेक दात तपासून घ्या. खालचे दोन सुळे मजबूत असतील तर ते ठेवून बाकीचे काढता येतात. खालची कवळी अशा दातांच्या आधारावर फार चांगली बसते, नाहीतर खालची नेहमी उचलली जाते. आणि मिश्री एकदम हिसकावून घेऊ नका. ते निकोटीनचं व्यसन आहे, अचानक बंद झालं की विस्मरणाच्या माणसाची चिडचिड दुप्पट होते. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा. हिरडीला किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा बरी न होणारी जखम दिसली तर मात्र थांबू नका, ती तपासणी त्याच आठवड्यात. नावं चुकतात त्यासाठीही एकदा स्मृतीची तपासणी करून घ्या, नुसतं वय झालं म्हणून सोडू नका.

ओसाकाकर
मी जपानमध्ये वृद्धांच्या निवासात काम करते. इथे १९८९ पासून ‘८०२०’ अशी मोहीम चालू आहे, ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात असावेत म्हणून. सुरुवातीला दहात एकालाही ते जमत नव्हतं. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांना जमलेलं दिसलं.

आमच्याकडे नवीन आलेल्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते तोंड साफ करणं, आणि त्याचं कारण न्यूमोनिया. विस्मरण वाढलं की गिळण्याचं तंत्र बिघडतं, लाळ आणि अन्नाचे कण श्वासनलिकेत उतरतात. तोंड घाण असेल तर जंतूही सोबत जातात. इथल्या ११ निवासांतल्या ४१७ वृद्धांवर दोन वर्षांचा एक प्रयोग झाला होता, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचे दात दर जेवणानंतर कर्मचाऱ्यांनी घासले, अर्ध्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. नेहमीच्या गटात १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, दात घासलेल्या गटात ११ टक्के. हे नुसतं निरीक्षण नव्हतं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते. आकडेमोड यांना हे चालेल असं वाटतं.

कवळी रात्री काढायचीच. पंच्याऐंशीच्या पुढच्या ५२४ लोकांना इथे तीन वर्षं पाहिलं, कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला.

आकडेमोड
ओसाकाकर, चालेल म्हणजे काय, या धाग्यातला सगळ्यात भक्कम पुरावा तुम्ही दिलात. अल्झायमर टळेल की नाही यावर आपण वाद घालू शकतो, पण न्यूमोनिया डिमेन्शियाच्या माणसाला घेऊन जातो यावर वाद नाही. रानजाईंच्या मूळ मुद्द्यालाही याने बळ येतं.

पणजीकर
वडील एकटे राहतात, मडगावला. बाई सकाळ-संध्याकाळ येते. कवळी दोनदा हरवली. एकदा तांदळाच्या डब्यात मिळाली, दुसरी मिळालीच नाही, बहुतेक कागदी रुमालात गुंडाळलेली कचऱ्यात गेली. नवीन करून दिली तर घालत नाहीत, टोचते म्हणतात. जबरदस्ती करायची का?

वृषाली_सिस्टर
पणजीकर, टोचते म्हणतात तर आधी ते खरं धरा. बरेच दिवस कवळी नसली की हिरडीचा आकार बदलतो. कवळी काढून हिरडीवर लाल ठिपका किंवा फोड आहे का बघा, असेल तर डॉक्टर तेवढी जागा घासून देतात. शिवाय विस्मरणाच्या पेशंटला नवी वस्तू तोंडात परकी वाटते. जुनी कवळी हाताशी असेल तर तिच्याच मापाने नवी करून मिळते का विचारा. कवळी करतानाच आत नाव घालून घ्यायचं, डॉक्टर करून देतात. वृद्धाश्रमात चार जणांच्या कवळ्या एका ट्रेमध्ये धुतल्या की कोणाची कोणाला जाते हे मी पाहिलंय. आणि कचऱ्याचा डबा रिकामा करण्याआधी बघायची सवय बाईंना लावा.

आता घरी दात घासून देण्याबद्दल. मी पुण्यात नर्सिंग ब्युरोतर्फे घरोघर जाते. पेशंटच्या समोर उभं राहून तोंडात ब्रश घालायला गेलात की ते हात झटकणार, चावणारसुद्धा, कारण त्यांना हल्ला वाटतो. बाजूला किंवा किंचित मागे उभं राहायचं, डाव्या हाताने हनुवटीला आधार. त्याआधी हात, मग गाल, मग ओठ असा स्पर्श करत यायचं, बोलत राहायचं. जमत असेल तर ब्रश त्यांच्याच हातात द्या आणि त्यांच्या हातावर तुमचा हात ठेवा, किंवा समोर बसून तुम्ही स्वतः घासा, बघून ते घासतात. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या. पेस्ट वाटाण्याएवढी, आणि चूळ भरता येत नसेल तर नुसती चाटून लागेल इतकीच. अशा पेशंटच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. ताठ बसवून, मान किंचित पुढे, ओल्या गॉजने पुसून घ्यायचं. आडवं झोपवून कधीच नाही.

वेळ सकाळचीच हवी असं कुठे आहे? एका आजींचं दुपारी चारला, चहाच्या आधी, मन शांत असायचं. आम्ही तेव्हा घासायचो.

कवळी चालत्या नळाखाली धुवायची, खाली बेसिनमध्ये पाणी किंवा टॉवेल ठेवून, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. गरम पाण्यात घातली की वाकडी होते. पेस्टने घासली की ओरखडे पडतात, साधा साबण पुरतो. रात्री पाण्यात.

रानजाई
वृषालीताई, हात-गाल-ओठ या क्रमाने आज करून बघितलं. सासूबाईंनी मान फिरवली नाही, खालचे दात पूर्ण घासू दिले.

दाढदुखी, एक विचारायचंय. त्यांचं तोंड सारखं कोरडं असतं, जीभ टाळूला चिकटते. रात्री लघवीसाठी उठतात म्हणून एक गोळी चालू आहे, त्यामुळे असेल का? शिवाय रक्त पातळ करायची गोळी आहे आणि हाडांसाठी आठवड्याची एक. आणखी एक दात हलतोय.

दाढदुखी
रानजाई, हे महत्त्वाचं विचारलंत. लघवीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ऑक्सिब्युटिनिन, लाळ आटवतात. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात ती ॲमिट्रिप्टिलिनही तशीच. लाळ कमी झाली की दात मुळाशी झपाट्याने किडतात, कवळीही धरत नाही. आणि याच गोळ्या विस्मरणात गोंधळ वाढवू शकतात. तोंड आणि मेंदू दोन्हींना एकाच गोळीने त्रास, असं उतारवयात पुष्कळदा होतं. स्वतःहून बंद करू नका, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि दुसरी चालेल का ते विचारा. तोवर घोटघोट पाणी, ओठांना साधं तूप.

दात काढण्याआधी रक्त पातळ करायची आणि हाडांची, या दोन्ही गोळ्या दातांच्या डॉक्टरांना सांगायच्याच. रक्ताची गोळी घरच्या घरी थांबवायची नाही, बहुतेक वेळा ती चालू ठेवून दात काढता येतो आणि टाके घालून रक्त थांबवता येतं. हाडांची आठवड्याची गोळी बहुधा ॲलेन्ड्रोनेट असेल. त्यात दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, कमी असतो पण असतो, आणि किती वर्षं चालू आहे यावर अवलंबून असतो. ती सुरू केल्याची तारीख शोधून ठेवा, जुन्या चिठ्ठ्या असतील तर सोबत न्या. सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे थांबावं लागत नाही, आणि ज्यांचा हात त्यांना चालतो त्यांनीच खुर्चीजवळ उभं राहा.